कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय घ्यायचं का? आधी स्टोअरमध्ये एक चक्कर मारा

सध्या भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली कुठल्याही एमआयडीसीत जा, कारखानदार भेटला की चहा यायच्या आत एआयचा विषय निघतोच. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा खरेदीपासून हिशोबापर्यंतचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, विकणारा येऊन सांगून गेलेला असतो की आता आमच्यात एआय आलंय, किती माल लागेल ते आधीच कळेल, बिलं आपोआप एंटर होतील, मशीन बंद पडायच्या आधी मेसेज येईल, तुम्ही नुसतं विचारायचं आणि उत्तर मराठीत मिळेल. हे ऐकून मालकाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटतात, एक तर आपण मागे पडतोय की काय आणि दुसरं म्हणजे हा पैसे काढायचा नवीन मार्ग तर नाही ना. दोन्ही शंका रास्त आहेत. छोट्या-मध्यम कारखान्यांमध्ये ईआरपी बसवायचं काम करत असल्यामुळे मला हा प्रश्न सारखा विचारला जातो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी ईआरपी काय करतं ते बघू, कारण एआय त्याच्याच डोक्यावर बसणार आहे. समजा तुम्हाला ५०० गिअरबॉक्सची ऑर्डर आली. एका गिअरबॉक्सला काय काय लागतं त्याची यादी म्हणजे बीओएम, त्याला ५०० ने गुणायचं, त्यातून स्टोअरमध्ये पडलेला माल वजा करायचा, व्हेंडरकडून येणार असलेला माल वजा करायचा, उरलं ते मागवायचं, आणि कुठला व्हेंडर किती दिवस घेतो त्यावरून पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, कधी काढायचा ते ठरवायचं. हा हिशोब अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये १९६० च्या दशकातच कॉम्प्युटरवर सुरू झाला, त्याला एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, पाकिटावरच्या किमतीचं एमआरपी नव्हे) म्हणतात, आणि पुढे त्यालाच अकाउंट्स, पर्चेस, एचआर वगैरे जोडत जोडत आजचं ईआरपी झालं. यात हुशारी अशी काहीच नाही, गुणाकार आणि वजाबाकी आहे. पण ती लाखो वेळा न थकता करणं याचीच किंमत मोठी आहे. हे एवढ्यासाठी सांगतोय की आज एआय म्हणून जे दाखवलं जातं त्यातलं बरंच काही ही जुनी वजाबाकीच असते, फक्त स्क्रीन नवीन असतो. सूक्ष्म-लघु उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांच्या पुढे जातंय असा अलर्ट आला तर तो चांगलाच आहे, पण त्यासाठी एआय लागत नाही, दोन तारखा वजा कराव्या लागतात. त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

खरं एआय ढोबळमानाने दोन प्रकारचं आहे. एक जुनं, आकड्यांवर शिकणारं, म्हणजे गेल्या तीन-चार वर्षांची विक्री बघून पुढचा अंदाज देणारं, फोटो बघून पार्ट चांगला की खराब ते सांगणारं, व्हायब्रेशनवरून बेअरिंग जातंय का ते ओळखणारं. दुसरं नवीन, भाषेवर चालणारं, जे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सगळ्यांना माहीत झालं. पहिलं चुकतं तेव्हा आकडा चुकतो आणि अनुभवी माणसाला तो आकडा बघूनच खटकतं. दुसरं चुकतं तेव्हा वाक्य इतकं सुबक असतं की खटकतच नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण आता ईआरपी कंपन्या दोन्ही एकत्र करून एकाच नावाखाली विकतात.

माझी फूटपट्टी अशी आहे की एआयचं हे यंत्र किती वेळा बरोबर येतं हे नंतर विचारायचं, आधी विचारायचं की चुकलं तर ती चूक कोण पकडणार, कुठल्या टेबलावर पकडणार, आणि तोपर्यंत किती पैसे गेलेले असतील. जिथे चूक पुढच्याच पायरीवर फुकटात पकडली जाते तिथे एआय बिनधास्त घ्या. जिथे चूक थेट ग्राहकाच्या लाइनवर किंवा बँकेतून पैसे गेल्यावर कळणार आहे तिथे सहीचा माणूस हलवायचा नाही.

आता फायद्याची बाजू, आणि ती खरंच मोठी आहे. आपल्याकडे पर्चेस आणि अकाउंट्समध्ये बसलेल्या लोकांचा अर्धा दिवस टायपिंगमध्ये जातो. प्रत्येक व्हेंडरचं बिल वेगळ्या फॉरमॅटचं, कोणाचं हाताने लिहिलेलं चलन, कोणाचा व्हॉट्सअॅपवर काढलेला तिरका फोटो, प्रत्येक मोठ्या ग्राहकाचं पोर्टल वेगळं आणि शेड्यूलची एक्सेल वेगळी. हे वाचून योग्य रकान्यात बसवणं नवीन एआयला छान जमतं. तसंच जीएसटीचं टू-बी मॅचिंग, म्हणजे व्हेंडरने पोर्टलवर टाकलेला बिल नंबर आणि आपण एंटर केलेला नंबर जुळवणं. तिकडे लांबलचक तिरप्या रेघा टाकून वर्षासकट लिहिलेलं असतं, इकडे घाईत नुसतं १२३ टाकलेलं असतं, माणूस महिनाअखेरीला डोळे फोडत बसतो. इथे एआय जोड्या सुचवतं, माणूस हो-नाही म्हणतो, चुकलं तरी लगेच दिसतं. असं काम यंत्राला द्यायलाच हवं, त्यात दुमत नसावं. टायपिंगमधून सुटलेला माणूस व्हेंडरला फोन करून माल का अडकलाय ते विचारू शकतो, जे काम सध्या कोणीच करत नसतं.

पण याच बिल वाचण्यात एक गोष्ट कशी फसते ते जवळून बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. एका कारखान्यात कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले पार्ट, कोल्हापूरच्या फाउंड्रीतून यायची. फाउंड्रीवाला बिल किलोवर करतो, रेट पण किलोचा, आणि आत स्टोअरमध्ये मात्र नगावर हिशोब. एका कास्टिंगचं वजन ३.२ किलो. बिलावर क्वांटिटीच्या रकान्यात २५०, आणि युनिट बारीक अक्षरात त्या खालच्या ओळीत. सॉफ्टवेअरने २५० वाचलं, आयटमचं युनिट मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मूळ यादीत, नग होतं म्हणून २५० नग धरलं. रक्कम बरोबर, जीएसटी बरोबर, बिल नंबर बरोबर, म्हणून अकाउंट्सला काही वावगं दिसायचं कारणच नाही. खरे आलेले नग ७८. आता एमआरपी काय करणार, त्याला स्टॉकमध्ये २५० दिसतायत म्हणजे पुढच्या आठवड्याची गरज भागली, नवीन पीओ नको. त्याच्यावर बसलेला अंदाज सांगणारा एआय तर खूशच, साठा भरपूर आहे, इथे अडकलेलं भांडवल कमी करा असा सल्लाही देणार. आणि मग एका सकाळी असेम्ब्लीचा सुपरवायझर रॅकपाशी जातो आणि रॅक रिकामा. फाउंड्रीला फोन केला तर पॅटर्न (साचा) काढून ठेवलाय, पुढचा हीट, म्हणजे धातू ओतायची पुढची पाळी, चार दिवसांनी.

पूर्वी हे बिल हाताने एंटर करणारा माणूस हे पकडायचा, कारण त्याला त्या फाउंड्रीचं बिल किलोवर येतं हे माहीत होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, त्याच्या डोक्यात होतं. म्हणून एआय लावायच्या आधी त्या माणसाला शेजारी बसवून विचारायचं की बाबा, कुठल्या व्हेंडरचं काय वेगळं आहे, आणि ते सगळं मास्टरमध्ये टाकायचं, किलो-नगाचा रेशो, वजनातला चालेल तेवढा फरक, सगळं. आणि गेटवरची काट्याची पावती आणि स्टोअरची मोजणी ही बिलापासून स्वतंत्र ठेवायची. बिल वाचून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, आपोआप तयार होतो असं कोणी कौतुकाने दाखवलं तर तिथेच थांबवा. जीआरएन मालावरून व्हायला पाहिजे, बिलावरून नाही, नाहीतर तीन कागद जुळवायची जी जुनी पद्धत आहे, पीओ, जीआरएन आणि बिल, त्यातले दोन कागद एकाच तोंडातून बोलायला लागतात आणि जुळवण्याला अर्थच उरत नाही.

म्हणून म्हणतो आधी स्टोअरमध्ये एक चक्कर मारा. सिस्टिममधले कुठलेही वीस आयटम निवडा आणि प्रत्यक्ष मोजा. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला माल परत आला पण चलन बंद झालं नाही, रिजेक्शनचा माल कोपऱ्यात पडलाय पण स्क्रॅप बुक झालं नाही, रॉड कापून उरलेले तुकडे कुठेच नाहीत, हे सगळं तिथे दिसतं. वीसपैकी आठ-दहा आयटम जुळत नसतील तर तुमचा पैसा आत्ता एआयवर घालू नका, एका चांगल्या स्टोअरकीपरवर आणि बारकोडवर घाला. एआय चुकीच्या स्टॉकला बरोबर करत नाही, त्या चुकीवर जास्त वेगाने निर्णय घेतं एवढंच.

आता मागणीच्या अंदाजाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त स्वप्नं इथे विकली जातात. अंदाज सांगणारं एआय मागचं बघून पुढचं सांगतं. मागचं जोपर्यंत पुढच्यासारखं आहे तोपर्यंत ते माणसापेक्षा चांगलं सांगतं हे मान्य करायला हवं, हजार आयटमचा अंदाज एक प्लॅनर एकटा काढू शकत नाही. पण आपल्या वाहन उद्योगाचीच गेली काही वर्षं बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवीन कडक नियम, लागू झालं, म्हणजे बीएस-४ चे जे पार्ट वर्षानुवर्षं नियमित जात होते ते एका तारखेला थांबले, आकड्यांमध्ये त्या तारखेची चाहूल कुठेच नव्हती, ती सरकारी अधिसूचनेत होती. त्याच एप्रिलमध्ये लॉकडाऊनमुळे मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही, शून्य. आता ते शून्य डेटात तसंच ठेवलं तर यंत्र शिकतं की एप्रिलमध्ये मागणी पडते. मग २०२५ घ्या, १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, लोकांनी गाडी घेणं पुढे ढकललं, आणि २२ सप्टेंबरला छोट्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ टक्क्यांत आल्यावर सगळी खरेदी एकदम उसळली. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला आकडा बघून यंत्राने उत्पादन कमी करा म्हटलं असतं, आणि पेपर वाचणारा कुठलाही डिस्पॅचवाला म्हणाला असता की थांबा, नवरात्रात बघा काय होतं.

यातून एआय निरुपयोगी असा अर्थ काढू नका. अंदाज यंत्राने काढावा आणि जगात काय बदलतंय ते माणसाने त्यात घालावं, आणि जो बदल केला तो का केला हे एका ओळीत लिहून ठेवावं, म्हणजे सहा महिन्यांनी यंत्र जास्त चुकलं की माणूस हे तपासता येतं. माणसंही भरपूर चुकतात, सेल्सवाले तर हमखास वरचा आकडा देतात.

आणि तुम्ही टिअर-टू सप्लायर, म्हणजे गाडी कंपनीच्या सप्लायरला माल देणारे, असाल तर आणखी एक गोष्ट. तुमची स्वतःची मागणी अशी नसतेच, ग्राहक तीन महिन्यांचं शेड्यूल देतो, त्यातला पहिला महिना पक्का म्हणतो आणि बाकी टेंटेटिव्ह. तुमच्याकडे खरा उपयोगी डेटा वेगळाच आहे, शेड्यूल १०,००० चं होतं आणि उचल ७,४०० ची झाली, कुठला ग्राहक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेड्यूल वाढवतो, कोण ऐनवेळी कापतो. ग्राहकाच्या सवयीचा अंदाज काढायला एआय लावलं तर तुमचा कच्चा माल खरंच कमी अडकेल. हे डेमोमध्ये कोणी दाखवत नाही, मागून घ्या.

सॉफ्टवेअरच्या अंदाजावर आंधळेपणाने चालल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एआयच्या लाटेच्या खूप आधीचं आहे. नायकेने मागणी ठरवायला नवीन सॉफ्टवेअर घातलं, त्यातून काही बुटांच्या ऑर्डरी जास्त गेल्या, जे बूट खपत होते त्यांच्या कमी गेल्या, आणि २००१ मध्ये कंपनीने सांगितलं की एका तिमाहीत जवळपास १० कोटी डॉलरची विक्री बुडाली. नायके मोठी कंपनी म्हणून त्यातून सावरली. आपल्याकडे ४० माणसांच्या कारखान्यात एक कंटेनर चुकीच्या मालाचा आला तर वर्षाचा नफा जातो.

कॅमेऱ्याने तपासणी हा विषय ईआरपीच्या थोडा बाहेरचा, पण आता तोही त्यातच जोडून देतात, आणि इथे टक्केवारी फार फसवते म्हणून थोडं गणित करू. समजा दिवसाला ५,००० पार्ट निघतात आणि त्यातले खरे खराब ५० आहेत. विकणारा सांगतो की आमची सिस्टिम खराब पार्टपैकी ९५ टक्के पकडते आणि चांगल्यापैकी फक्त ३ टक्के चुकून बाद करते. ऐकायला एकदम भारी. आता मोजा, ५० पैकी ४७-४८ पकडले, दोन-तीन सुटले. चांगले ४,९५० होते, त्याचे ३ टक्के म्हणजे दीडशेच्या आसपास चांगले पार्टही बाद. रिजेक्शनच्या पेटीत जवळपास दोनशे पार्ट, त्यातले चारातले तीन चांगलेच. म्हणजे पहिल्या आठवड्यात इन्स्पेक्टर म्हणणार ही मशीन मूर्ख आहे, आणि दुसऱ्या आठवड्यात तो न बघताच पेटीतले पार्ट परत चांगल्यात टाकायला लागणार. तेव्हा फायदा कुठे आहे ते नीट समजून घ्या, पूर्वी ५,००० पार्टवर नजर फिरवावी लागायची, आता दोनशेच नीट बघायचेत, ही मेहनतीतली बचत खरी आहे, पण ते दोनशे बघणारा चांगला माणूस लागतोच. आणि ते सुटलेले दोन-तीन पार्ट कुठे जाणार हा प्रश्न वेगळा. कव्हरचा ब्रॅकेट असेल तर एक कम्प्लेंट येईल. ब्रेकचा पार्ट असेल तर नुसता हा कॅमेरा पुरेसा नाही, तिथे गेज आणि माणूस दोन्ही राहिले पाहिजेत. शिवाय शॉट ब्लास्टिंगवाला बदलला, पृष्ठभागाचा रंग जरा वेगळा आला, कूलंटचा डाग राहिला, खिडकीतून ऊन आलं, की हे आकडे बदलतात, त्यामुळे बसवलं आणि विसरलं असं चालत नाही.

मशीन बंद पडायच्या आधी ओळखण्याबद्दल थोडक्यात. एआयला शिकायला आधी मशीन बिघडल्याचे भरपूर किस्से लागतात. ज्या कारखान्यात वर्षाला दोन-तीन स्पिंडल जातात तिथे ते शिकणार कशावरून. तिथे साधा व्हायब्रेशन सेन्सर आणि एक ठरलेली मर्यादा पुरते, ती ओलांडली की मेसेज. वेळेवर ग्रीसिंग होतंय का हे आधी बघा.

आता गप्पा मारणाऱ्या एआयबद्दल. तुम्ही विचारता, गेल्या महिन्यात कुठल्या व्हेंडरचं रिजेक्शन सगळ्यात जास्त, आणि उत्तर येतं. मालकांना हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण इतकी वर्षं एक रिपोर्ट हवा असला की आमच्यासारख्याला फोन करून थांबावं लागायचं. आत काय होतं तर तुमच्या वाक्याचं यंत्र डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात रूपांतर करतं. त्या रूपांतरात ठरतं की रिवर्कला गेलेले नग रिजेक्शनमध्ये धरायचे का, महिना जीआरएनच्या तारखेने की तपासणीच्या तारखेने, टक्के की नग. तुम्ही हे सांगितलेलं नसतं, यंत्र स्वतः ठरवतं आणि तुम्हाला सांगतही नाही. उत्तर मात्र ठाम येतं, आणि त्या उत्तरावर एखाद्या व्हेंडरचं काम बंद होतं. नगांवर काढलं तर सगळ्यात जास्त माल देणारा व्हेंडरच नेहमी सगळ्यात वाईट दिसणार, हे उघड आहे, पण स्क्रीनवर एकच नाव आलं की ते कोणी विचारत नाही. माझं सांगणं आहे की आकड्यामागच्या ओळी दाखवल्याशिवाय असं उत्तर स्वीकारू नका, आणि महत्त्वाचे सात-आठ प्रश्न आधी जुन्या रिपोर्टशी ताडून बघा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ओळी बघायची सोयच नाही ते घेऊच नका.

गुपिताचा धोका सगळ्यात जवळचा आहे आणि त्याला ईआरपीपण लागत नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअर लोकांनी काम पटकन व्हावं म्हणून कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला, ते कळल्यावर कंपनीने मे महिन्यात अशी साधनं वापरायला बंदी घातली. आपल्याकडे कोडच्या जागी ग्राहकाचं ड्रॉइंग असतं. कोटेशन पटकन द्यायचं म्हणून नवीन इंजिनिअर ड्रॉइंगचा फोटो फुकटच्या अॅपमध्ये टाकतो आणि विचारतो यात किती ऑपरेशन लागतील. त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ग्राहकाबरोबर गोपनीयतेच्या करारावर सही मालकाची आहे. आणि उत्तरात एखादा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वाचायचा राहिला तर कोटेशन तोट्यात. यावर नुसती बंदी घालून भागत नाही, लोक मोबाइलवर करतातच. त्यांना पैसे भरून घेतलेलं, डेटा शिकवण्यासाठी वापरणार नाही असं लेखी दिलेलं साधन द्या आणि काय टाकायचं नाही ते स्पष्ट सांगा.

पैशाच्या बाबतीत मी अजिबात ढिलाई करणार नाही. व्हेंडरचा बँक अकाउंट बदललाय असा ईमेल येऊन पैसे भलतीकडे जाणं हे जुनंच आहे, पण पूर्वी त्या ईमेलची भाषा बघून संशय यायचा, आता एआयने लिहिलेला ईमेल निर्दोष असतो. २०२४ मध्ये अरुप या जगप्रसिद्ध इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसमधल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर आपल्याच वरिष्ठांना बघून पैसे पाठवले, कॉलवरची माणसं खोटी होती, सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. त्यात आता बिल वाचणाऱ्या एआयला फसवायला बिलाच्या पीडीएफमध्येच न दिसणाऱ्या अक्षरात सूचना लिहिता येतात, माणसाला दिसत नाहीत, यंत्र वाचतं. म्हणून अकाउंट नंबर बदलणं, नवीन व्हेंडर उघडणं आणि पेमेंट सोडणं या तीन गोष्टींना एआयचा हात लागता कामा नये, आणि बदल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करूनच खात्री करायची.

कायद्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग असणं आणि तो बंद न करता येणं बंधनकारक आहे, म्हणजे कुठली एंट्री कधी बदलली हे दिसलं पाहिजे. एआय जर अकाउंटंटच्याच लॉगिनवरून एंट्र्या करत असेल तर लॉगमध्ये त्या बिचाऱ्या माणसाचं नाव उमटणार आणि ऑडिटरसमोर तोच उभा राहणार. एआयला स्वतंत्र युजर आयडी द्या, त्याचे अधिकार मोजके ठेवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे पण करून घेतलेलं फार कमी ठिकाणी दिसतं.

माणसांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मशीनपाशी ऑपरेटरने मशीन का थांबलं ते यादीतून निवडायचं असतं, टूल चेंज, मटेरियल नाही, लाइट गेली, सेटिंग, इतर. घाईत माणूस यादीतलं पहिलं निवडतो. मग एआय छान आलेख काढून सांगतं की तुमचा ३० टक्के वेळ टूल बदलण्यात जातोय, मालक महाग टूल आणतो, आणि वेळ तिथेच. आलेख खरा, नोंद खोटी. यादीचा क्रम बदलून बघा, कारणंही बदलतील. त्यापुढचं पाऊल म्हणजे याच आकड्यांवर ऑपरेटरची रँक लावायची, आणि हे मी पोटतिडकीने सांगतो की करू नका. ज्या दिवशी नोंदीवरून पगार कापला जातो त्या दिवसापासून नोंद खरी येत नाही, आणि नोंद खरी नाही म्हटल्यावर त्याच्यावर बसलेलं तुमचं सगळं एआय बिनकामाचं. मशीन लावून देणाऱ्या सेटरला आवाजावरून कळतं इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेलाय, प्लॅनरला माहीत असतं की अमुक जॉबवर्कवाल्याकडे गणपतीत आठ दिवस माणसं नसतात. ही माणसं तुम्हाला मदत करतील तरच यंत्र शिकेल, आणि आपली नोकरी जाण्यासाठी कोण मदत करेल. डेटा एंट्रीची कामं कमी होणार हे खरं आहे आणि ते लपवू नये, पण त्या मुलामुलींना व्हेंडर फॉलोअप, क्वालिटीचे कागद, कॉस्टिंग याकडे वळवायचं आधी ठरवा, मगच सॉफ्टवेअर आणा.

सगळं एकाच तारेला बांधलं की ती तुटल्यावर काय, हाही विचार हवा. २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांनी कागद-पेनवर कारखाने चालू ठेवले, जुन्या लोकांना हाताने काम करता येत होतं म्हणून जमलं. २०२५ मध्ये टाटांच्या जग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला आणि ब्रिटनमधलं उत्पादन महिनाभराहून जास्त ठप्प झालं, त्याची झळ त्यांच्या छोट्या सप्लायरपर्यंत गेली. हे दोन्ही एआयमुळे घडलेलं नाही, पण एआयसाठी आपण आणखी सिस्टिम इंटरनेटला जोडतो आणि हाताने करायची सवय मोडतो. महिन्यातून एखाद्या दिवशी एका विभागाचं काम सॉफ्टवेअरशिवाय करून बघा, चलन छापता येतं का, उद्याचं लोडिंग लावता येतं का.

विकणारा आला की त्याला त्याचा डेमो डेटा बाजूला ठेवायला सांगा. आमचा मागच्या वर्षीचा मार्चपर्यंतचा डेटा घे आणि एप्रिल ते जूनचा अंदाज दे म्हणावं, खरा आकडा आमच्याकडे आहेच, ताडून बघू. जो याला तयार होत नाही त्याच्यावर वेळ घालवू नका. डेटा कुठे राहतो, उद्या सोडायचं ठरवलं तर आमचा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल का, एआयचा भाग बंद केला तर बाकीचं ईआरपी चालू राहील का, आणि दर युजरमागे आहे की वापरावर, हे लेखी घ्या. वापरावर असेल तर महिनाअखेरीला बिलं जास्त असतात तेव्हा खर्च किती चढतो तेही विचारा.

आणि सुरुवात कधी करायची तेही बघा. चॉकलेटवाल्या हर्शीने १९९९ मध्ये हॅलोविनच्या तोंडावर नवीन सॉफ्टवेअर चालू केलं, गोदामात माल असून तो दुकानांपर्यंत पोचेना, १० कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी वेळेत देता आल्या नाहीत. आपला सीझन दसरा-दिवाळी, त्याचं शेड्यूल जुलै-ऑगस्टपासून चढायला लागतं, आणि मार्चमध्ये तर कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. ३१ मार्चची स्टॉक मोजणी झाली की वर्षातला सगळ्यात खरा स्टॉक तुमच्या हातात असतो. एप्रिलमध्ये बिल वाचणं आणि टू-बी मॅचिंग एवढंच सुरू करा, जुन्या पद्धतीच्या बरोबरीने दोन महिने चालवा, कुठे चुकतंय ते एका वहीत लिहा, आणि अंदाजाच्या भागाला जूनच्या आधी हात लावू नका.